अंगणातली वाडी, भोपाळच्या वस्तीतली

भोपाळच्या वस्त्यांमध्ये भिंतीवर रंगवलेली ‘आंगनवाड़ी केंद्र’ ही अक्षरे हिंदी वळणाची असली, तरी त्या शब्दाची घडण मराठी आहे, आणि लहान मुलांच्या शिक्षणाविषयीचा एक संपूर्ण विचार त्या चार-पाच अक्षरांत साठवलेला आहे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांनी 1840 मध्ये आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. मराठीतला ‘बालवाडी’ हा शब्द त्याच कल्पनेच्या जवळचा आहे, कारण कोकणात वाडी म्हणजे जशी घरांची वस्ती तशीच नारळी-पोफळीची बागही. ताराबाई मोडक यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केले, आणि 1945 मध्ये बोर्डी येथे अनुताई वाघ यांच्या साहाय्याने खेड्यातल्या मुलांसाठी प्रयोग सुरू केला, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की शाळेची वेळ झाली म्हणून गरिबाघरचे मूल आपण होऊन शाळेत येत नाही. मग एका ठिकाणच्या मध्यवर्ती बालवाडीच्या जोडीला पाड्यातल्या कोणाच्या तरी अंगणातच भरणारी ‘अंगण-बालवाडी’ आली आणि तिचीच पुढे ‘अंगणवाडी’ झाली. फ्रोबेलच्या बागेला कुंपण असते, अंगणाला मात्र ते नसते. तेथे कोंबडी फिरते, आजी धान्य निवडते, शेजारीण डोकावते, आणि मूल यांपैकी कशापासूनही तुटलेले नसते. हा फरक वरवर किरकोळ वाटला, तरी भोपाळमधल्या एखाद्या केंद्रात सकाळभर काय घडते ते समजून घेण्याची किल्ली त्याच्यातच आहे.

हा शब्द मध्य प्रदेशात पोहोचला तो सरकारी मार्गाने. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातील 33 प्रकल्पांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने आपल्या केंद्रांसाठी अंगणवाडी हेच नाव घेतले, आणि योजना देशभर पसरली तसे ते नावही पसरले. त्यामागचा विचार मात्र त्याआधीच वेगळ्या वाटेने या प्रदेशात आलेला होता, कारण गिजुभाईंचे ‘दिवास्वप्न’ आणि त्यांचे इतर गुजराती लेखन हिंदीत आणले ते इंदूरच्या काशिनाथ त्रिवेदी यांनी. महाराष्ट्रात ज्यांना सेविका आणि मदतनीस म्हणतात त्यांना येथे ‘कार्यकर्ता’ आणि ‘सहायिका’ म्हणतात, मुले दोघींनाही ‘दीदी’ म्हणून हाक मारतात, आणि 1956 मध्ये भोपाळ राजधानी झाल्यावर नागपूरहून बदलून आलेल्या मराठी कर्मचाऱ्यांच्या पुढच्या पिढ्यांनाही ‘बाई’ या शब्दाऐवजी आता ‘दीदी’ किंवा ‘मॅडम’ हेच शब्द सवयीचे झाले आहेत.

योजनेच्या निकषांनुसार साधारणतः 400 ते 800 लोकसंख्येमागे एक केंद्र असावे, आणि त्या केंद्राने सहा सेवा द्याव्यात: पूरक पोषण आहार, शालापूर्व शिक्षण, पोषण व आरोग्यविषयक शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भसेवा, म्हणजे आजारी किंवा विकासात मागे राहिलेल्या मुलाला योग्य त्या दवाखान्याकडे पाठवणे. थोडक्यात, तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा एकाच कार्यकर्तीच्या शिरावरच्या सहा कामांपैकी एक भाग आहे, आणि 2021 पासून मोबाइलवरील ‘पोषण ट्रॅकर’मध्ये रोजची नोंद भरण्याचे काम त्यात आणखी मिळाले. राज्यघटनेचे अनुच्छेद 45, त्यात 2002 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर, सहा वर्षांखालील सर्व मुलांच्या संगोपनाची व शिक्षणाची तरतूद करण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे सांगते. परंतु शिक्षणाचा मूलभूत हक्क सहाव्या वर्षापासूनच सुरू होतो, त्यामुळे त्याआधीची तीन वर्षे कायद्याच्या दृष्टीने उंबरठ्यावरच राहिली आहेत.

असे असूनही या उंबरठ्यावर जे शिकणे घडते ते पहिलीच्या वर्गातल्या शिकण्यापेक्षा कमी प्रतीचे नसते. ते केवळ ओळखू येत नाही, कारण त्याला पाटी-पुस्तकाचे रूप नसते. आहार वाढण्याची वेळ हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. 2023 मधील सुधारणेपूर्वीच्या नियमानुसार सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाला रोज 500 किलोकॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिने मिळतील इतका आहार वर्षातील 300 दिवस द्यावयाचा असे, आणि तीन वर्षांवरील मुलांना तो केंद्रातच गरम शिजवलेल्या स्वरूपात मिळतो. पोषणाच्या हिशेबात ही खिचडी किंवा दलिया म्हणजे उष्मांक; मुलाच्या हिशेबात मात्र ते दिवसातले पहिले गणित आहे. ताटल्या वाटण्याचे काम ज्या पाच वर्षांच्या मुलीकडे येते, ती प्रत्येक मुलापुढे एक ताटली ठेवत जाते, शेवटी एक मूल ताटलीविना राहिले की परत वळते, आणि या वळण्यातून तिला जे कळते त्याला शिक्षणशास्त्रात ‘एकास एक संगती’ म्हणतात, म्हणजे एका गटातील प्रत्येक वस्तूची दुसऱ्या गटातील एकेका वस्तूशी जोडी लावणे. एक ते शंभर अंक तोंडपाठ म्हणणाऱ्या पुष्कळ मुलांना ही संगती उमगलेली नसते. बोट एका खड्यावर आणि तोंड तीन अंक पुढे, अशी त्यांची गत होते. पाठांतराला जी टाळी मिळते ती ताटल्या वाटणाऱ्या मुलीला क्वचितच मिळते, ही या साऱ्या व्यवहारातील एक खंत म्हणावी लागेल.

त्याच वेळी आणखीही काही घडत असते. हात धुण्यासाठी रांगेत थांबणे म्हणजे आपली इच्छा थोडा वेळ अडवून धरणे, आणि आत्मनियमन या नावाने ओळखली जाणारी ही क्षमता केवळ उपदेशाने येत नाही, रोज थांबल्यानेच येते. एका पंगतीत, शेजारच्या मुलाच्या ताटलीला ताटली लागलेली असताना, वेगवेगळ्या जातिधर्मांच्या घरांतील मुले एकाच पातेल्यातले अन्न खातात. दाट वस्तीच्या जुन्या भोपाळात, जेथे गल्ल्याच पुष्कळदा समाजासमाजांनी ओळखल्या जातात, तेथे या पंगतीचे मोल नागरिकशास्त्राच्या कोणत्याही धड्याहून अधिक आहे.

एकाच खोलीत तीन ते सहा वर्षांची सगळी मुले बसतात, ही गोष्ट सामान्यतः गैरसोय मानली जाते, आणि शिकवण्याच्या नियोजनाच्या दृष्टीने ती तशी आहेही. परंतु रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांच्या विचारातील ‘निकट विकासक्षेत्र’ ही संकल्पना, म्हणजे मुलाला एकट्याने जे जमत नाही पण थोड्या जाणत्याच्या साथीने जमते तो टप्पा, येथे आपोआप साकार होते. साडेतीन वर्षांच्या मुलाला चपलेचा पट्टा लावायला शिकवणारे मूल स्वतः वर्षभरापूर्वीच ते शिकलेले असते, आणि म्हणूनच नेमके कोठे अडते हे त्याला मोठ्यांपेक्षा चांगले ठाऊक असते. वस्तीतले खेळही असेच उतरत येतात: महाराष्ट्रात ज्याला लगोरी म्हणतात तो पिट्ठू, गोट्या म्हणजे कंचे, आणि दोघांच्या जोडलेल्या हातांखालून रांगेने जाण्याचा पोशम्पा. मुले ‘घर-घर’ खेळतात तेव्हा कोणी भाजीचा ठेला लावते, कोणी रिक्षा चालवते, कोणी दवाखान्यात सुई टोचते. मोठ्यांचे जग या खेळात येते ते मुलांना झेपेल इतके लहान होऊन.

मध्य प्रदेशातील अंगणवाडीचे एक खास वैशिष्ट्य म्हणजे ‘मंगल दिवस’. त्याच्या मूळ आखणीत महिन्याच्या पहिल्या मंगळवारी गर्भवतीची गोदभराई, म्हणजे आपल्याकडील ओटीभरण, दुसऱ्या मंगळवारी सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाचे अन्नप्राशन, म्हणजे उष्टावण, तिसऱ्या मंगळवारी मुलांचे वाढदिवस आणि चौथ्या मंगळवारी किशोरवयीन मुलींसाठी कार्यक्रम अशी वाटणी केलेली होती. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या आणि वरच्या आहाराविषयीची माहिती घरोघरच्या संस्कारविधीत गुंफण्याची ही युक्ती चतुर आहे. धार्मिक वळणाचे विधी सरकारी केंद्रात का असावेत, हा प्रश्न तिच्याविषयी जरूर उपस्थित करता येतो. तथापि चार वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने पाहता, आपल्या शाळेत शेजारची काकू नटून बसते आणि धाकट्या भावाला सगळ्यांसमोर पहिला घास भरवला जातो, या अनुभवाने शाळा आणि घर यांमधली भिंत पातळ होते.

समाजाच्या सहभागाचे दुसरे, अधिक गाजलेले रूप 24 मे 2022 रोजी दिसले. त्या दिवशी तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी भोपाळच्या अशोका गार्डन भागात हातगाडी घेऊन रस्त्यावरून फिरत अंगणवाड्यांसाठी लोकांकडून खेळणी गोळा केली. छायाचित्रांच्या दृष्टीने प्रसंग उत्तम होता आणि लोकांनी दिलेही भरभरून. पण विकतची खेळणी बाहेरून येईपर्यंत खेळ थांबतो, असे मानणे चुकीचे ठरेल. याच शहरात मुख्यालय असलेल्या आणि 1982 पासून काम करणाऱ्या ‘एकलव्य’ संस्थेने अरविंद गुप्ता यांचे ‘कबाड़ से जुगाड़’ प्रसिद्ध करून काड्यापेट्या, सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळ्या आणि टाकाऊ डब्यांतून खेळणी कशी घडतात हे दाखवून दिले आहे, आणि 1985 पासून तिचे ‘चकमक’ हे मासिक मुलांच्या हाती पडत आहे. 2013 मध्ये सुरू झालेल्या येथील जनजातीय संग्रहालयात तर आदिवासी मुलांच्या खेळांसाठी वेगळे दालनच आहे. मूल जे खेळणे स्वतः मोडू शकते आणि पुन्हा जोडू शकते ते त्याला अधिक शिकवते, हे मान्य केले, तर कपाटात जपून ठेवलेल्या महागड्या बाहुलीपेक्षा अंगणातली माती आणि चिंचोके यांचे पारडे जड ठरते.

पालकांची अपेक्षा बहुधा याच्या उलट असते. गल्लीच्या टोकाशी इंग्रजी माध्यमाची खासगी नर्सरी असते, तेथले मूल घरी येऊन इंग्रजी मुळाक्षरे म्हणून दाखवते, आणि मग अंगणवाडीत ‘काहीच शिकवत नाहीत’ असा निष्कर्ष निघतो. ऑक्टोबर 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तीन ते आठ वर्षांचा काळ एकसंध मानून खेळालाच शिकण्याचे मुख्य माध्यम ठरवले आहे, त्याचे कारण साधे आहे: पेन्सिल धरणारी बोटे आधी माती मळून, मणी ओवून, कागद फाडून तयार व्हावी लागतात, आणि वाचणाऱ्या कानाला आधी शब्दांतले आवाज सुटे करता यावे लागतात. बडबडगीतातल्या यमकावर टाळी देणारे मूल अक्षरओळखीच्या आधीची पायरी चढत असते.

भोपाळमध्ये या केंद्रांच्या कामाला आणखी एक गंभीर बाजू आहे. 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री झालेल्या वायुगळतीने बाधित झालेल्या भागांत विकलांग मुलांचा प्रश्न आजही जिवंत आहे; वायुपीडित रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांना 2004 मध्ये मिळालेल्या गोल्डमन पर्यावरण पुरस्काराच्या रकमेतून उभ्या राहिलेल्या चिंगारी ट्रस्टच्या केंद्रात अशा मुलांना व्यायामोपचार, वाचोपचार आणि विशेष शिक्षण दिले जाते. मूल वेळेवर बसत नाही, हाकेला ओ देत नाही, हे दवाखान्याआधी अंगणवाडीतच ध्यानात येऊ शकते. संदर्भसेवा हा रुक्ष शब्द येथे मुलाच्या साऱ्या आयुष्याशी येऊन भिडतो.

आणि शेवटी भाषेचा प्रश्न. राजधानीच्या वस्त्यांत बुंदेलखंडातून, माळव्यातून आणि सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यातून आलेली कुटुंबे राहतात, काही घरांत गोंडी बोलली जाते, तर जुन्या शहरात उर्दू वळणाची भोपाळी हिंदी; गोंड आणि पारधी मुलांबरोबर काम करणाऱ्या ‘मुस्कान’सारख्या संस्थेला शाळेची भाषा आणि घरची भाषा यांच्यातली दरी रोज पार करावी लागते. तीन वर्षांच्या मुलाला तहान लागल्याचे सांगता आले नाही तर ते पुस्तकातल्या चित्राकडे बघणारच नाही. अशा वेळी कामास येते ती बहुधा सहायिका, केंद्रातली सर्वांत कमी मानधनाची व्यक्ती, जी त्याच गल्लीत राहते, पाणी भरते, खोली झाडते, आणि सकाळी घरोघरी जाऊन मुलांना गोळा करते. कोणाची आई कामावर लवकर गेली, कोणाला रात्री ताप होता, कोण कोणाचा हात धरल्याशिवाय येत नाही, हे तिला माहीत असते. शेवटच्या घरापासून केंद्रापर्यंत ती मुलांची साखळी धरून चालत येते, वाटेत मुले तिला शेळी, नळ, ठेला, खड्डा दाखवतात, आणि प्रत्येक गोष्टीचे नाव ती आधी मुलाच्या घरच्या बोलीत आणि मग दीदीच्या हिंदीत सांगते.