मोटारीचे टाय रॉड घरीं बदलणें

दादरच्या फुलबाजारांत पहांटे माल पोंचविणाऱ्या गाडीचें स्टिअरिंग वाटेंत निकामी झालें, तर नुकसान केवळ फुलांचें होत नाहीं. म्हणून त्यांतील एका लहानशा भागाची माहिती आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

टाय रॉड म्हणजे स्टिअरिंगची हालचाल पुढील चाकापर्यंत नेणारा दांडा. त्याच्या टोकाशीं वाटींत फिरणारा पोलादी गोळा असून त्यावर रबरी टोपी असते. टोपी फाटली कीं धूळ व पाणी आंत शिरतें, ग्रीस निघून जातें व गोळा झिजतो. झीज फार झाल्यास गोळा वाटींतून निसटतो आणि चाक चालकाच्या ताब्यांत राहात नाहीं. बैलगाडीच्या आसाची खीळ निघावी तसाच हा प्रसंग. मात्र येथें वेग कितीतरी अधिक असतो.

झीज ओळखण्याकरितां चाक जमिनीवरून उचलून डावीउजवीकडून धरून हलवावें. त्या वेळीं दुसऱ्यानें सांध्यावर बोट ठेवल्यास ढिलेपणा तेव्हांच कळतो.

हें काम घरीं करण्याजोगें आहे. मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी साध्या यंत्ररचनेबद्दल प्रसिद्ध होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ सालीं ताडदेवच्या परिवहन कार्यालयांत नोंदली गेली व वीस वर्षांची मुदत भरतांच २०२३ सालीं सेवेंतून गेली. परंतु सांधा बदलण्याची रीत नव्या गाड्यांतही बहुतेक तीच आहे. गिरगांवांत ऑपेरा हाउसजवळ सुट्या भागांचीं दुकानें आहेत. तेथें जातांना गाडीचा प्रकार, साल व डावी-उजवी बाजू लिहून न्यावी.

गाडी सपाट व टणक जागीं उभी करून मागील चाकांस ठोकळे द्यावे. पुढचा भाग उचलल्यावर चौकटीखालीं भक्कम आधार द्यावा. केवळ जॅकच्या भरंवशावर हात घालूं नये. चाक काढून प्रथम गोळ्याच्या मध्यापासून दांड्यावरील ठराविक खुणेपर्यंतचें अंतर मोजून लिहून ठेवावें. मग चेकनट सैल करावा, स्प्लिट पिन काढावी व गोळ्याचा नट कांहीं आटे सैल करावा. सांधा पुलरनें सोडवावा, किंवा ज्या भोकांत तो बसतो त्याच्या बाजूवर हातोड्याचा नेमका ठोका द्यावा. आट्यांच्या टोकावर ठोकूं नये. सांधा सुटल्यावर नट पूर्ण काढून जुनें टोक फेरे मोजीत फिरवून काढावें. नवें तितक्याच फेऱ्यांनीं बसवून लिहून ठेवलेलें अंतर पुन्हां पडताळावें. नट कारखान्यानें सांगितलेल्या जोरानें आवळावा. पिनेचें भोंक जुळत नसेल तर नट किंचित् अधिक आवळावा, सैल करूं नये. पिन नेहमीं नवीच घालावी व शेवटीं चेकनट घट्ट करावा.

खरें महत्त्व मोजमापालाच आहे. आटा दीड मिलिमीटरचा, चाक वळविणारा हात १३ सेंटिमीटरचा व चाकाचा व्यास ६० सेंटिमीटर धरला, तर टोकाचा एक फेरा चुकल्यानें चाकाच्या पुढील व मागील कडांच्या अंतरांत सुमारें सात मिलिमीटरांचा फरक पडतो. अशा चाकाचे टायर रस्त्यावर घासत जाऊन लवकर झिजतात व गाडी एका बाजूस ओढते. म्हणून घरचें मोजमाप कितीही काळजीनें केलें तरी सावकाश गाडी नेऊन यंत्रावर अलाइनमेंट तपासून घ्यावी.

ज्या गाडींत आंतील सांधाही झिजला असेल, तेथें विशेष हत्यार लागतें. तें काम जाणत्या कारागिराकडे द्यावें. बाकीच्यांनीं निदान दर पावसाळ्यानंतर गाडीखालीं वांकून त्या दोन्ही रबरी टोप्या तपासाव्या. फाटलेली टोपी वेळीं दिसली, तर सांधा बदलण्याचें काम आपल्या सवडीनें होतें. न दिसली, तर कुठें व केव्हां थांबायचें हें आपल्या हातीं राहात नाहीं.