बोट गेलं तर दिसतं, कान गेला तर?

नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि 'चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी' हा त्यांतला ठळक मथळा ठरला. चांगलंच आहे. पण चाकण पट्ट्यात, महाळुंगे-निघोज्याकडच्या प्रेस शॉपमध्ये मशिनवर बहुतेकदा विशी-पंचविशीचा पोरगा उभा असतो, तोही ठेकेदाराच्या हजेरीवरचा. चाळिशी गाठेपर्यंत त्याच्या कानांचं काय?

कारखाना नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे; ९५ ला चार तास, १०० ला दोनच. रोजच्या दणक्यांनी आतल्या कानातल्या पेशी मरतात आणि पुन्हा येत नाहीत. आधी ४,००० हर्ट्झच्या आसपासचं ऐकू येणं कमी होतं. समोरच्याचं बोलणं कळत असतं, म्हणून कुणी दवाखान्यात जात नाही. मग मोबाइलचा आवाज वाढतो, घरचे म्हणतात, 'अरे, ओरडतोस काय?' इअरप्लग मिळालेले असतात. क्रेनचा भोंगा ऐकू यावा म्हणून त्यातला एक खिशात.

खरं तर इथे कायदा कामगाराच्या बाजूनं आहे. गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे. अशा कामावर सलग सहा महिने झाले असतील, तर आजार कामामुळेच झाला असं ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) गृहीत धरतात. तसं नाही हे समोरच्यानं सिद्ध करायचं. साध्या आजारपणात वेतनाच्या ७० टक्के मिळतात, तेही वर्षाला ९१ दिवसच. व्यावसायिक आजारात तात्पुरत्या अपंगत्वाला ९० टक्के, आणि कायमचं असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवेल त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा रक्कम.

गाडी अडते ती त्या 'सलग सहा महिन्यां'वर. ठेकेदार बदलतो, मध्येच ब्रेक मिळतो, जुना हजेरीपट सापडत नाही. अनेकांना ईएसआय कार्ड अपघातानंतरच मिळतं, हे 'सेफ इन इंडिया' संस्थेचे 'क्रश्ड' अहवाल २०१९ पासून सांगत आलेत. प्रेसखाली बोट गेलं तर निदान तारीख तरी असते. बहिरेपणाला ती कुठून आणायची? अप्रेंटिस कायद्याखालचे शिकाऊ तर ईएसआयच्या बाहेरच, आणि वेतन दरमहा २१,००० रुपयांच्या वर गेलेल्यांना भरपाईसाठी थेट मालकाचं दार ठोठावावं लागतं.

तेव्हा चाळिशीची वाट कशाला पाहायची? भरतीच्या आठवड्यातच श्रवणचाचणी व्हावी, दरवर्षी पुन्हा व्हावी, आणि तिचा कागद ठेकेदाराच्या फायलीत न जाता कामगाराच्या हाती पडावा. प्रत्येक गेजवर कॅलिब्रेशनची तारीख चिकटवणाऱ्या कंपन्यांना एवढं जमू नये?