गळतीपूर्वीच्या खुणा : शिकागोच्या शाळांचा अनुभव

कोणताही विद्यार्थी एका दिवसात शाळा सोडत नाही. पटावरून त्याचे नाव कमी होते, तो एका दीर्घ घटनाक्रमाचा शेवट असतो. त्यापूर्वी कित्येक महिने तो अधूनमधून गैरहजर राहू लागलेला असतो, एखाद्या विषयात मागे पडलेला असतो. या खुणा वेळीच ओळखल्यास गळती रोखता येईल काय, या प्रश्नाचा पाठपुरावा अमेरिकेतील काही शहरांनी केला. त्यांपैकी शिकागोचा अनुभव विशेष उद्बोधक आहे.

नववीचे महत्त्व

अमेरिकेत सार्वजनिक शाळांचा कारभार बहुतेक ठिकाणी 'शाळा-जिल्हा' या केवळ शिक्षणाचे काम पाहणाऱ्या स्थानिक यंत्रणेकडे असतो. तेथील माध्यमिक शाळा साधारणतः नववी ते बारावी अशी चार वर्षांची असते. विषयात उत्तीर्ण झाल्यावर विद्यार्थ्याच्या नावे श्रेयांक जमा होतात. ठरावीक श्रेयांक पुरे झाल्याशिवाय शालान्त प्रमाणपत्र मिळत नाही. साहजिकच नववीत राहिलेल्या विषयाचे ओझे पुढील तीन वर्षे वाहावे लागते.

शिकागो विद्यापीठातील शालेय संशोधन केंद्राच्या एलेन अ‍ॅलेन्सवर्थ व जॉन ईस्टन यांनी २००५ मध्ये यासंबंधीचा अहवाल प्रसिद्ध केला. नववीअखेर किमान ५ विषयांचे पूर्ण वर्षाचे श्रेयांक मिळविलेला आणि मुख्य विषयांत एकाहून अधिक सत्रांत अनुत्तीर्ण न झालेला विद्यार्थी 'मार्गावर' आहे, असे मानण्यात आले. अशा विद्यार्थ्यांपैकी ८१ टक्के चार वर्षांत शाळा पूर्ण करीत, तर मार्गावरून ढळलेल्यांपैकी केवळ २२ टक्के. आठवीपर्यंतच्या चाचण्यांतील गुणांपेक्षा ही कसोटी अधिक विश्वसनीय ठरली. सत्रातील एक-दोन आठवड्यांची गैरहजेरीही धोक्याची असते, हे २००७ च्या अहवालाने दाखवून दिले. त्याच वर्षी रॉबर्ट बाल्फान्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियातील अभ्यासावरून असे दाखविले की, अपुरी उपस्थिती, असमाधानकारक वर्तन आणि गणित किंवा इंग्रजीतील अपयश या खुणा सहावीतच दिसू लागतात.

यादीनंतरचे काम

शिकागोच्या शाळांना २००८ पासून नववीत येणाऱ्या, विशेष लक्ष पुरवावे लागेल अशा विद्यार्थ्यांच्या याद्या आणि वर्ष चालू असताना उपस्थिती व गुणांचे तक्ते मिळू लागले. परंतु यादीने कोणी उत्तीर्ण होत नाही. उपयोग झाला तो शिक्षकांनी एकत्र बसून प्रत्येक नावाचा विचार केला म्हणून. विद्यार्थी का येत नाही, कोणत्या विषयात अडतो, पालकांशी कोण बोलणार, जादा शिकवणी कोण देणार, हे वर्ष संपण्यापूर्वीच ठरू लागले. मार्गावर असलेल्यांचे प्रमाण २००७ मधील ५७ टक्क्यांवरून २०१३ मध्ये ८२ टक्क्यांवर गेले.

गुण सढळ हाताने दिले गेले असावेत, अशी शंका येणे स्वाभाविक होते. तथापि, ज्या शाळांनी आरंभीच हे प्रमाण वाढविले, त्यांच्यात तीन वर्षांनी शाळा पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाणही वाढल्याचे २०१४ च्या अहवालात दिसून आले.

खूण, निकाल नव्हे

या पद्धतीत एक धोका आहे. यादीतील नाव हा मदतीचा इशारा आहे. विद्यार्थ्यावर मारलेला शिक्का नव्हे. 'हा शिकणार नाही' असा अर्थ शिक्षकांनी त्यातून काढला, तर हीच यादी गळतीला हातभार लावील.

आपल्याकडे श्रेयांकांची ही पद्धत शाळांत नाही. परंतु १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण ६ ते १४ वर्षे वयापर्यंत, म्हणजे सामान्यतः आठवीपर्यंत आहे. त्यामुळे नववीचा उंबरठा येथेही नाजूक आहे. त्यावरील पहिली खूण टिपण्यासाठी नव्या यंत्राची आवश्यकता नाही. हजेरीपट प्रत्येक वर्गात आहेच. सलग काही दिवस गैरहजर असलेल्या मुलाचे नाव वर्षअखेरीऐवजी त्याच आठवड्यात शाळा व्यवस्थापन समिती किंवा ग्रामपंचायतीच्या सदस्यांपर्यंत पोहोचले आणि कोणीतरी त्याच्या घरी जाऊन चौकशी केली, तर पटावरील ते नाव टिकून राहण्याची शक्यता निश्चितच वाढेल.