सुटा भाग आणि त्याचा बाजार



बैलगाडीचा आंस कोणी हौसेनें विकत घेत नाहीं. गाडी करावयाची असते, किंवा आहे तिचा आंस मोडलेला असतो, म्हणून तो घ्यावा लागतो. यंत्राच्या प्रत्येक सुट्या भागाचें असेंच आहे. त्याची मागणी यंत्राच्या मागणीपोटीं जन्माला येते. एवढें विसरल्यास घरचें भांडवल कसें अडकतें, तें एका उदाहरणानें पाहूं.

समजा, नांदेडच्या एका तरुण इंजिनियरानें आय. जी. बी. टी. या विजेच्या स्विचचा व्यापार करण्याचें योजिलें आहे. हा अर्धवाहकाचा स्विच सेकंदाला हजारों वेळां उघडझाप करूं शकतो. सौर पंपाच्या नियंत्रक-पेटींत असे सहा स्विच एकदिश प्रवाहाचा त्रिकल प्रत्यावर्ती प्रवाह करतात, आणि मग मोटर फिरते. डाळगिरणींत मोटरीचा वेग कमीजास्त करणाऱ्या ड्राइव्हमध्येंही हीच योजना असते.

त्याची पहिली नजर अर्थातच शेतांकडे जाईल. महाराष्ट्र शासनाची ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ ही योजना २०२४ सालीं निघाली. किमतीचा दहावा हिस्सा, व अनुसूचित जाति-जमातींच्या शेतकऱ्यानें विसावा हिस्सा, भरावयाचा असतो. जितके पंप, त्याच्या सहापट स्विच, हा गुणाकार मोठा मोहक आहे. पण छोट्या यंत्रांत सहाही स्विच बहुधा एकाच ठोकळ्यांत बसविलेले असतात. तेथें सहांनीं गुणणें हीच पहिली चूक. दुसरी याहून मोठी. या योजनेंत पांच वर्षांच्या दुरुस्तीची हमी आहे. तोंवर बिघाड निस्तरणार पुरवठादार कंपनी. शेतांत यंत्रें पुष्कळ, पण आपल्या तरुणासाठीं बाजाराचें दार बंद!

लातूरच्या डाळगिरण्यांचें उलट आहे. यंत्रें थोडीं, परंतु तुरीच्या हंगामांत गिरणी थांबली कीं मालक घासाघीस करीत बसत नाहीं, भाग आजच मागतो. केवळ रीत समजावी म्हणून आंकडे धरूं. चाळीस गिरण्या, प्रत्येकींत दहा ड्राइव्ह, म्हणजे चारशें. उष्णता, धूळ व विजेच्या दाबाचे झटके यांमुळें विसांतील एक वर्षाकाठीं बिघडतो, म्हणजे वीस. त्यांतले निम्मेच या ठोकळ्यापायीं, उरले दहा. तेही निरनिराळ्या शक्तीचे, म्हणून निरनिराळ्या जातीचे. चारशांवरून आपण दहांवर आलों! खरे आंकडे मात्र घरीं बसून मिळत नाहींत. ते गिरणीच्या फिटरला विचारावे लागतात.

दहांच्या गिऱ्हाइकीसाठीं चारशांचा साठा भरणें म्हणजे आईचे दागिने कपाटांतून काढून गोदामांत ठेवणें होय. त्यापेक्षां नेहमीं लागणारे चार ठोकळे जवळ बाळगावे, दुरुस्तीचा हात तयार करावा, आणि २०२९ पासून हमीच्या मुदती संपूं लागतील त्याची वाट पाहावी. मुलानें भांडवल मागितलें, तर वडिलधाऱ्यांनीं ‘यंत्रें किती आहेत?’ एवढ्यावर थांबूं नये. ‘बिघडल्यावर पैसे कोण देतो?’ हेंही विचारावें.