‘सर म्हणतील तसं’ : फुटबॉल, मुलं आणि आदर

आजचा विषय फुटबॉलचा आहे, पण गोल आणि पास यांचा नाही. मैदानावर खेळणारं मूल आणि त्याच्या भोवती उभी असलेली मोठी माणसं, यांच्याबद्दल आज बोलायचं आहे. उदाहरण आम्ही इंग्लंडचं घेतलं आहे. तिथे या प्रश्नाची जाहीर चौकशी झाली, ती कागदावर आली, आणि नंतर काय बदललं हेही पाहता येतं.

नोव्हेंबर २०१६ मध्ये अँडी वुडवर्ड या माजी व्यावसायिक खेळाडूने ‘द गार्डियन’ला मुलाखत दिली. नाव गुप्त ठेवण्याचा कायदेशीर हक्क त्याने स्वतःहून सोडला होता. क्रू अलेक्झांड्रा क्लबच्या युवा संघात असताना बॅरी बेनेल या प्रशिक्षकाने आपलं लैंगिक शोषण केलं, ते वयाच्या अकराव्या वर्षी सुरू झालं, असं त्याने सांगितलं. मग बांध फुटावा तसं झालं. एकामागून एक माजी खेळाडू पुढे आले. एनएसपीसीसी या बालसंरक्षण संस्थेने खास हेल्पलाइन उघडली, तर पहिल्या आठवड्यातच ८०० हून अधिक फोन आले. फेब्रुवारी २०१८ मध्ये बेनेल १२ मुलांवरच्या ५० गुन्ह्यांत दोषी ठरला आणि २०२३ मध्ये तुरुंगातच मेला.

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने, म्हणजे एफएने, क्लाइव्ह शेल्डन या वकिलांकडे चौकशी सोपवली. १९७० ते २००५ हा काळ त्यांनी तपासला. मार्च २०२१ मध्ये आलेल्या अहवालात किमान ६९२ पीडित आणि २४० संशयित असा आकडा आहे. अहवालात आणखी एक गोष्ट आहे, आणि आमच्या मते ती आकड्यांहून महत्त्वाची आहे. १९९५च्या उन्हाळ्यापर्यंत एफएला या प्रश्नाच्या गांभीर्याची जाणीव होती असा पुरावा सापडला नाही. पण ऑक्टोबर १९९५ ते मे २००० या काळात, प्रश्न डोळ्यांसमोर आल्यावरही, संघटना फार संथ चालली. शेल्डन यांनी याला संस्थेचंच अपयश म्हटलं. क्लबांमध्ये कुजबुज होती, पण कुजबुजीचं पुढे काय करायचं हे कुणाचंच काम नव्हतं.

आता हे घडतं कसं, ते नीट समजून घेऊ. अनोळखी माणसापासून सावध राहा, हे आपण मुलांना शिकवतो. बेनेल अनोळखी नव्हता. तो घरात ये-जा करणारा, आईवडिलांचा विश्वास मिळवलेला माणूस होता. त्याच्या घरी खेळांची यंत्रं होती, तऱ्हेतऱ्हेचे प्राणी होते. मुलांना तिथे मुक्कामाला जायला आवडायचं. आणि मुख्य म्हणजे, कोणाला पुढे खेळायला मिळणार हे त्याच्या शब्दावर ठरायचं. अकरा वर्षांच्या मुलाचं सगळं स्वप्न एका माणसाच्या मुठीत असेल, तर ते मूल कुणाकडे आणि कशाच्या जोरावर तक्रार करणार? या सावकाश विणल्या जाणाऱ्या जाळ्याला इंग्रजीत ग्रूमिंग म्हणतात. आधी घर जिंकायचं, मग मुलाला ‘तू खास आहेस’ म्हणून बाकीच्यांपासून वेगळं काढायचं, मग एखादं छोटं गुपित, मग मोठं. मूल बोलायचा विचार करू लागतं तोवर त्यालाच अपराधी वाटू लागलेलं असतं.

म्हणून उपायसुद्धा माणूस ओळखण्यावर अवलंबून ठेवून चालत नाही. आज इंग्लंडमध्ये मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रशिक्षकाची गुन्हेगारी नोंदींची तपासणी होते, तिला डीबीएस म्हणतात. चांगली गोष्ट आहे. पण गंमत बघा, अर्थात कडू गंमत: बेनेलला या प्रकारच्या गुन्ह्यासाठी पहिली शिक्षा झाली ती १९९५ मध्ये, तीही अमेरिकेतल्या फ्लोरिडात. त्याआधी कितीही तपासलं असतं तरी त्याचा कागद कोराच निघाला असता. खरा भार पडतो तो रोजच्या साध्या नियमांवर. एकट्या मोठ्या माणसाने एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत थांबायचं नाही. प्रशिक्षकाने मुलाला खासगी मेसेज करायचे नाहीत. निरोप पालकांच्या ग्रुपवर. बाहेरगावच्या सामन्याला कोण कुठे झोपणार, हे आधी लिहून द्यायचं. आणि क्लबमध्ये एक वेल्फेअर ऑफिसर, ज्याच्याकडे प्रशिक्षकाला वगळून थेट जाता येतं. ‘काही विशेष नाही, पण खटकलं’ अशी बारीक गोष्टही तिथे नोंदवली जाते. एकेकटी नोंद क्षुल्लक दिसते, चार वेगवेगळ्या लोकांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की चित्र उमटतं. कुजबुजीला वही मिळाली, असं म्हणा हवं तर.

प्रामाणिक प्रशिक्षकांना हे नियम अपमानास्पद वाटतात, हे आम्ही अनेकदा ऐकलं आहे. ‘आमच्यावर संशय घेता का?’ नाही. दुकानातल्या गल्ल्याचा रोज हिशेब होतो, म्हणून कुणी मुनीमजींना चोर म्हणत नाही. उलट खोट्या आरोपापासूनही हेच नियम वाचवतात.

आता आदराकडे वळू. एफएने २००८ मध्ये ‘रिस्पेक्ट’ नावाची मोहीम सुरू केली. रेफ्रीशी बोलायचं ते फक्त कर्णधाराने, पालकांनी उभं राहायचं ते मैदानाच्या कडेला आखलेल्या रेषेच्या किंवा दोरीच्या मागे, असे तिचे भाग. इंग्लंडमध्ये १४व्या वर्षापासून रेफ्री होता येतं. म्हणजे रविवारी सकाळी ज्याच्यावर पंचेचाळिशीचा बाप ओरडत असतो, तो रेफ्री स्वतःच शाळकरी पोर असू शकतो! म्हणून काही कौंट्यांमध्ये अशा रेफ्रींच्या दंडावर जांभळी पट्टी असते: समोर मूल आहे, जपून बोला. २०२३ मध्ये मिडल्सब्रोपासून हौशी सामन्यांतल्या रेफ्रींच्या अंगावर कॅमेरे लावण्याचा प्रयोग सुरू झाला. प्रकरण तिथवर गेलं होतं.

मुलांची सुरक्षा आणि रेफ्रीचा मान हे दोन विषय आम्ही एकत्र का घेतले? कारण दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: मैदानावर कोणाचा आवाज चालतो? आपल्याकडे आदर म्हणजे बहुतेक वेळा गप्प बसणं. ‘सर म्हणतील ती पूर्व दिशा’. गुरूचा मान राखावा, यात वाद नाही. पण ज्या संघात सरांना प्रश्नच विचारता येत नाही, तिथे चांगल्या सरांचं काही बिघडत नाही, वाईट सरांचं मात्र फावतं. कोल्हापुरात तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा अख्ख्या पेठा मागे उभ्या असतात. त्या ईर्ष्येचं आम्हाला कौतुक आहे. तीच ईर्ष्या बारा वर्षांखालच्या सामन्यात उतरली, की चुकलेल्या पोराला मात्र सगळ्या पेठेसमोर बोलणी खावी लागतात.

आणि हा इंग्लंडपुरताच प्रश्न आहे, असं कुणी समजू नये. २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक आपल्या देशात झाला, नवी मुंबईत आणि मडगावातही सामने झाले. त्याच्या काही महिने आधी, आपल्याच संघाच्या युरोप दौऱ्यात, सहायक प्रशिक्षकाला लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपावरून परत पाठवून पदावरून काढण्यात आलं होतं.

कायदा आपल्याकडे आहे, आणि कडक आहे. २०१२चा पॉक्सो कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला, मुलगा असो वा मुलगी, लागू होतो. विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागेवरच्या माणसाने केलेला गुन्हा त्यात अधिक गंभीर मानला आहे. कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं कळलं, किंवा घडेल अशी शंका आली, तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थाप्रमुखाने दाबून ठेवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘क्लबचं नाव खराब होईल, आपसात मिटवू’ हा सल्ला म्हणजे स्वतःच गुन्हा होऊ शकतो. मुलाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो, पोलीस गणवेशात नसावेत, हेही कायद्यातच आहे; ठाण्याची पायरी चढायच्या भीतीने थांबू नका. १०९८ हा नंबर मुलांनाही पाठ असू द्या.

वेळ संपत आली, एक चिठ्ठी घेऊ. एका ताईंनी विचारलंय, ‘मुलीला उन्हाळी निवासी शिबिराला पाठवू की नको?’ जरूर पाठवा. पण पैसे भरायच्या आधी चार गोष्टी विचारा. मुलींसोबत रात्री कोण असणार? कोचखेरीज तक्रार कोणाकडे करायची? मुलीला रोज फोन करता येईल का? आणि न सांगता एखाद्या दिवशी बघायला आलो तर चालेल का? उत्तरं लेखी मागा. शिबिराहून आल्यावर ‘किती गोल मारले’ याच्या आधी ‘मजा आली का, कुणाबरोबर होतीस, काही आवडलं नाही का’ हे विचारा, आणि ती सांगत असताना मध्ये बोलू नका. आयोजक या प्रश्नांवर चिडले, तर दुसरं शिबिर बघा.