पेणची मूर्तिकला आणि नदीचे पाणी

पेण, हमरापूर व जोहे येथे वर्षभर गणेशमूर्ती घडतात. शाडूची मूर्ती पाण्यात विरते. पण ती जड, नाजूक व वाळण्यास मंद. प्लास्टर ऑफ पॅरिस काही मिनिटांत घट्ट होते, मूर्ती हलकी व स्वस्त पडते. कारागीर तिकडे वळले, यात केवळ लोभ पाहणे अन्यायाचे होईल. मात्र ते पाण्यात फार सावकाश विरते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये त्यास मनाई केली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडविण्यास मुभा दिली, विसर्जनावर बंधन ठेवले.

हस्तव्यवसायाच्या तासाला दोन्हींचे लिंबाएवढे वाळलेले गोळे पाण्यात ठेवून मुलांनी रोज नोंद करावी; रोह्याच्या शाळांनी पाणी कुंडलिकेचे घ्यावे. मग हलकी, न तडकणारी शाडूची मूर्ती कशी करावी, हे मुलांनाच विचारावे. वर्गात कारागिराचे मूल असल्यास प्रथम त्यास बोलू द्यावे.