हरवलेल्याची नोंद जुळते कशी?

आपल्या गिरडच्या टेकडीवर, बाबा फरीदांच्या दर्ग्यावर गर्दी होते, तेव्हा एखादं लेकरू आईच्या हातून सुटतं. भोंग्यावर नाव पुकारलं की बहुतेक वेळा ते सापडतं. पण जे गाडीत बसून दूर गेलं, ज्याला नाव-गाव सांगता येत नाही, त्याचं काय? एका ठाण्यात त्याची ‘हरवला’ अशी नोंद असते, तर दुसऱ्या जिल्ह्यात ‘सापडला’ अशी. या दोन नोंदींची गाठ पडली, तरच लेकरू घरी येतं.

ठाण्यातली नोंद आता सीसीटीएनएस या संगणकाच्या जाळ्यात जाते, म्हणजे दुसऱ्या ठाण्यालाही ती शोधता येते. पण नुसत्या नावावरून नोंद जुळत नाही. ‘सुनीता’ हे नाव इंग्रजीत कोणी एका तऱ्हेने लिहितं, कोणी दुसऱ्या. सापडलेल्या मुलाचं वय अंदाजाने लिहितात. कधी बालगृहात त्याला नवंच नाव मिळतं. म्हणून न बदलणारी खूण लागते. जन्मखूण, जुना व्रण, आणि सगळ्यांत पक्के बोटांचे ठसे.

नागपूरचंच उदाहरण घ्या. जबलपूरचा एक मुलगा 2011 च्या सुमारास नागपूर रेल्वे स्टेशनवर सापडला. त्याला नीट सांगता येत नव्हतं. एका कुटुंबाने त्याला सांभाळलं, शाळेत घातलं. शाळेसाठी आधार काढायला गेले, तर अर्ज वारंवार परत येई. कारण त्याचे ठसे आधीच जमा होते. हरवण्याआधी आईवडिलांनी जबलपूरला त्याचं आधार काढलं होतं. त्या जुन्या नोंदीवरून 2021 मध्ये आईवडिलांचा पत्ता लागला. दहा वर्षांनी मुलगा घरी गेला.

आपण काय करायचं?

माणूस हरवलं की लगेच ठाण्यात जा. चोवीस तास थांबायचा नियम नाही. मूल हरवलं असेल तर गुन्हा नोंदवायलाच हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलं आहे. नोंदीची प्रत मागून घ्या. मदतीसाठी 1098 किंवा 112 लावा.

ताजा फोटो, उंची, अंगावरच्या खुणा, बोली, घरातलं लाडाचं नावही लिहून द्या. म्हाताऱ्या, विसराळू माणसांसाठीही हेच.

पाच वर्षांखालच्या मुलाच्या आधारला बोटांचे ठसे घेत नाहीत. म्हणून पाच पूर्ण झाल्यावर आणि पंधरा पूर्ण झाल्यावर ठसे देऊन आधार अद्ययावत करा.

एक ध्यानात ठेवा. संगणक फक्त ‘हा तोच असावा’ एवढं दाखवतो. खात्री माणसांनाच करावी लागते. आणि जी खूण आपण लिहूनच दिली नाही, ती संगणक कुठून शोधणार?

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं विचारा: कोणाच्या मुलाचे ठसे द्यायचे राहिले आहेत? मग सगळ्या मिळून आधार केंद्रावर जाऊ.